नऊ दिवसांचं पाणी

१३ मार्च २०२३, सोमवार

काल चर्चची उपासना सुटल्यावर पाळक निकाळजे साहेबांनी ही डायरी हातात दिली. गेल्या सालची हाय, वर खताच्या दुकानाची जाहिरात. म्हणाले, "रत्नमालाताई, एकवीस मेला आपल्या मंडळीला पन्नास वर्षं होतात. स्मरणिका काढायची आहे. जुन्या माणसांकडं जा, कोण काय सांगतं ते तारीख टाकून लिहून आणा."

मी म्हणलं, "साहेब, मी चौथी पास. रोज वीस डबे करते. मंडळीत कॉलेजची पोरं ढीगभर पडलीत, त्यांना सांगा की."

"पोरांना लोक काही सांगत नाहीत. तुम्हाला नाही म्हणायची कुणाची छाती नाही."

ही तारीफ का टोमणा, अजून कळलं नाही. साहेब वयानं माझ्या भाच्याएवढे, नगरकडून येऊन दोनच वर्षं झाली, पण बोलण्यात पक्के.

ठरवलं असं, की चांगलं चांगलं तेवढं कागदावर उतरवून साहेबांना द्यायचं. बाकीचं इथं. डायरी माझी.

१९ मार्च, रविवार

स्मरणिकेची मीटिंग. शहराचं नाव जुनं छापायचं का नवं, यात एक तास घातला. मी शेवटी म्हणलं, "ज्याला यायचंय त्याला उस्मानपुऱ्यामागची गल्ली ठाऊक हाय. पहिल्या पानावर कोण, ते बोला."

पहिल्या पानावर 'पहिले विश्वासणारे' म्हणून पाच फोटो. पाचही गडी. पहिला फोटो सेक्रेटरी सर्जेरावदादांचा, कारण मंडळीच्या रजिस्टरात पहिला नंबर त्यांचा. चौथा माझ्या सासऱ्यांचा, ते वारून अकरा वर्षं झाली.

मी विचारलं, "अन् आमच्या आत्याबाई?"

आत्याबाई म्हणजे माझी सासू, चंपाबाई. वय एकोणऐंशी. मंडळी सुरू झाली तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. झाडू, सतरंज्या, प्रभुभोजनाची भाकर, सगळं त्यांच्या हातचं. असली बाई पहिल्या पानावर नको तर कोण पाहिजे?

सर्जेरावदादा चष्मा पुसायला लागले. "रजिस्टरात जे आहे ते छापायचं."

"मग आणा रजिस्टर."

"जुनं झालंय. पानं सुटलीत."

"मी हळू धरीन."

"रत्नमाला, तू डब्यांचं बघ."

सगळे हसले. घरी येऊन कणीक अशी तिंबली की परात वाकायची राहिली.

२१ मार्च, मंगळवार

साहेब म्हणाले, स्मरणिका बाहेरची माणसंही वाचतील, तर बाप्तिस्म्याचं सोप्या शब्दांत लिहा. लिहून बघते.

'आम्ही बॅप्टिस्ट लोक तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाही. माणूस जाणता झाला, त्यानं स्वतःच्या तोंडानं चारचौघांत विश्वास कबूल केला, की पाळक त्याला हौदात उतरवतात आणि पार डोक्यावरून पाण्याखाली घालून वर काढतात. जुना माणूस मेला, नवा उठला. हे झालं तरच नाव रजिस्टरात चढतं, तरच प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळतो. आमच्यात वरून हुकूम देणारा कोणी नाही. सगळं मंडळीच्या सभेत हात वर करून ठरतं.'

एवढ्याला दीड तास लागला. वरण उतू गेलं.

२३ मार्च, गुरुवार

आत्याबाईंना धरलं. मेथी निवडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, तुमचा बाप्तिस्मा कसा झाला, सांगा. लिहायचंय."

"मुळं राहिलीत बघ तुझ्या जुडीत."

"राहू द्या मुळं. सांगा."

लई मागं लागले तेव्हा सुरू झाल्या. दुष्काळाचं दुसरं साल. गावातून सगळे इकडं नव्या वसाहतीच्या बांधकामावर आलेले. बाया घमेली वाहायच्या. सर्जेरावदादा तिथंच मुकादम, चोवीस-पंचवीसचं पोरगं. (आत्याबाई अजून त्यांना मुकादमच म्हणतात. अख्खी मंडळी दादा म्हणते, ह्या मुकादम. सवय जात नाही माणसाची.) जालन्याकडून फकिरा मास्तर म्हणून एक प्रचारक यायचे, झाडाखाली बसून वचन सांगायचे. बारा जणांनी विश्वास धरला, पाच गडी अन् सात बाया. मास्तर म्हणाले, आता बाप्तिस्मा. पण पाणी कुठं? विहिरींच्या तळाला चिखल. माणसं बसवायची म्हणून टँकर यायचा तो दोन दिवसाआड, एका चुलीमागं दिवसाला तीन हंडे धरून.

"मग?"

"मग सात बायांनी रोज आपल्या वाटणीतला एक हंडा काढून विटांच्या हौदात ओतला. नऊ दिवस. झाकायला गोणपाट. वर दगड."

मी निवडायची थांबले. नऊ दिवस! एकोणतीस वर्षं झाली लग्नाला, ह्या बाईनं एकदा तोंडातून काढलं नाही. अन् स्मरणिकेत पाच गड्यांचे फोटो!

"अन् मग त्या रविवारी तुम्ही कितव्या उतरल्या?"

"गडी आधी गेले."

"मग तुम्ही?"

"भाजी करपतीय बघ."

भाजी करपत नव्हती. गॅस पेटवलेलाच नव्हता.

२ एप्रिल, रविवार

मुकुंदवाडीला आशाबाईंकडं गेले. आत्याबाईंची त्या वेळची जोडीदारीण, सातांतली एक. बाकीच्या पाच देवाघरी. आशाबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून विचारत होते अन् शेजारीण भिंतीवरून ऐकत होती.

हंड्यांचं खरं निघालं. आशाबाई म्हणाल्या, "माझ्या लेकराला चमच्यानं पाणी पाजलं मी तवा. नवरा म्हणायचा, येडी झालीस."

"अन् बाप्तिस्मा?"

"माझा जालन्यात झाला. चार वर्षांनी, माहेराला गेले तवा."

"इथं का नाही झाला? हौद तर तुम्हीच भरला."

"त्या दिवशी स्लॅब होता ना."

कुठला स्लॅब, कशाचा स्लॅब! म्हाताऱ्या माणसांचं हे असं. विचारावं एक, सांगतात भलतंच. म्हणलं, आत्याबाईंचा तरी त्या दिवशी झाला का? तर माझ्याकडं बघत राहिल्या अन् म्हणाल्या, "तिला विचार की. घरात हाय तुझ्या."

दोन रिक्षा बदलून गेले होते. कागदावर चार ओळी.

९ एप्रिल, ईस्टर

चौघांचा बाप्तिस्मा झाला. रजिस्टरात आता सहाशे सेहेचाळीस. पाचावरून सहाशे सेहेचाळीस, हे स्मरणिकेत मोठ्या अक्षरात घालायचं म्हणे. घाला. पत्र्याच्या शेडापासून एकोणनव्वदच्या पक्क्या इमारतीपर्यंत, वाळूजला कंपन्या आल्या तशी कुटुंबं वाढली, आता रविवारी दोन उपासना, चिकलठाण्याला एक शाखा. सगळं लिहून दिलंय.

मंचाच्या फळ्या काढल्या की खाली आमचा हौद. आत्याबाईंचं दर वेळचं नाटक. पहिला हंडा त्यांनीच ओतायचा. गुडघे धरलेत, तरी ओतायचा. अन् सगळं उरकल्यावर, पाणी सोडून दिल्यावर, फडकं घेऊन आत उतरून हौद पुसायचा. पुसून झाला तरी तिथंच तळाला बसून राहायचं. आजपण बसल्या. वरून मी ओरडतेय, "आत्याबाई, डबे भरायचेत, चला!" ऐकतंय कोण.

माझा बाप्तिस्मा चौऱ्याण्णवला, लग्नाच्या आधी. त्यांनीच हट्ट धरला होता की सून पाण्यातून निघाल्याशिवाय घरात घ्यायची नाही. मी वर आले तर ह्या काठावर उभ्या राहून हुंदके देऊन रडत होत्या. मला वाटलं, बाई किती जीव लावते. दुसऱ्या दिवशी मिठावरून बोलल्या तेव्हा कळलं जीव किती ते.

१६ एप्रिल, रविवार

सर्जेरावदादांच्या घरी गेले. सरळ म्हणलं, "रजिस्टर दाखवा."

"वाळवी लागलीय."

"मागच्या महिन्यात पानं सुटली होती."

"दोन्ही झालंय."

लबाड म्हातारा! स्वतःचा पहिला फोटो जाईल म्हणून बायांची नावं दाबून ठेवलीत. मी तोंडावर बोलले तसं. दादा चिडले नाहीत. खाली बघून विचारलं, "चंपाबाईचे गुडघे कसे आहेत?" निघताना पिशवीभर कैऱ्या दिल्या, त्यांच्या दारातल्या झाडाच्या. ही लाच हाय हे न कळायला मी काय खुळी?

घरी आत्याबाईंनी पिशवी बघितली. "मुकादमानं दिल्या?" म्हणाल्या. फडताळात ठेवल्या. ना लोणचं घातलं, ना टाकून दिल्या.

२३ एप्रिल, रविवार

ह्यांना सांगितलं, तीस तारखेला मंडळीची वार्षिक सभा हाय, तिथंच रजिस्टर वाचायचा ठराव मांडते. हे रिक्षा पुसत होते. म्हणाले, "आईला विचारलं का?"

"त्यांच्याच नावासाठी करतेय ना?"

"म्हणूनच म्हणलं, विचारलं का."

गोकुळराव आमचे असेच. वर्षातून दोन वाक्यं बोलतात अन् दोन्ही अर्धी.

विचारलं मग. आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे बाई. फोटोनं काय व्हतंय." मी म्हणलं, तुम्ही लई भोळ्या, म्हणूनच लोकांनी तुम्हाला झाडू मारायला ठेवलं.

३० एप्रिल, रविवार

लिहायला हात होत नाही. पण तारीख टाकलीय तर लिहिते.

ठराव मांडला. एकसष्ट हात वर झाले. सर्जेरावदादा स्वतः उठले, घरी गेले, रजिस्टर घेऊन आले. ना वाळवी, ना सुटलेली पानं. लाल कापडात गुंडाळलेलं. पाळकसाहेबांनी वाचलं. वीस मे एकोणीसशे त्र्याहत्तर, नंबर एक ते पाच. पाच गडी. त्याखाली एकदम पुढच्या सालचा सहावा नंबर. साहेब पानं उलटत गेले. साठ. शंभर. आत्याबाईंचं नाव कुठंच नाही. माझं होतं, एकशे नव्वद.

मी उठले अन् सर्जेरावदादांकडं बोट केलं. "नावं खाल्ली ह्यांनी! सात बायांनी नऊ दिवस पाणी भरलं अन् ह्या माणसानं एकीचं नाव चढू दिलं नाही! बोला की आता, बोला!"

ते उभेच.

बायकांच्या सतरंजीवरून आत्याबाईंचा आवाज आला. "रत्नमाला, खाली बस. त्यानं कुणाचं नाव खाल्लं नाय. मी पाण्यात उतरलेच नाय."

सगळी माझ्याकडं बघतायत. दोनशे माणसं. मी उभी ती उभीच राहिले.

१ मे, सोमवार

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, ताट धुतात, भिंतीकडं तोंड करून पडतात. हे म्हणाले, "विचारलं का म्हणलं होतं." हे तिसरं वाक्य.

डब्यात मीठ जास्त झालं. सहा जणांचे फोन आले. फोनवर भांडले.

३ मे, बुधवार

आज स्वतःहून बोलल्या. मी कपडे वाळत घालत होते, त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

गडी आधी उतरले. पाचवा बाहेर निघाला तेवढ्यात बांधकामाच्या गुत्तेदाराची जीप आली. रविवार, पण स्लॅबची सगळी तयारी झालेली अन् टँकर आलेला नाही. हौदात पाणी बघून गुत्तेदार म्हणाला, हे घ्या. मुकादमाला म्हणाला, बाया लाव कामाला. सर्जेरावदादांच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. नवा माणूस होऊन पाव तास झाला असंल नसंल. त्यांनी हाक मारली, "चला गं, घमेली उचला."

"अन् तुम्ही उचलली?"

"मग काय करणार? दिवसाचा रोज बुडला असता."

नऊ दिवसांचं पाणी, बादलीनं उपसून मालात कालवलं. बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या सात बायांनी तोच माल घमेल्यानं वर चढवला. फकिरा मास्तर रडत होते म्हणे. म्हणाले, पुढच्या टँकरला तुमचं करू. आठ दिवसांत त्यांना ऊन लागलं, ते जालन्याला गेले अन् तिथंच वारले. काम संपलं, माणसं पांगली. नाताळाला पत्र्याच्या शेडात परत जमली तेव्हा दुसरे प्रचारक आले, भाकर अन् प्याला घेऊन. प्याला वाटायला सर्जेरावदादा.

"माझ्यासमोर आला अन् थांबला. त्याला ठाऊक, मला ठाऊक. मग त्यानं प्याला पुढं केला. मी घेतला."

"मग नंतर तरी बुडून घ्यायचं! हौद तर आपलाच!"

"आधी तुझ्या सासऱ्याची इज्जत. मग लेकरं. मग तू आलीस, तुला दटावून पाण्यात घातलं. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगू?"

एवढी चीड आली. त्या माणसाची, गुत्तेदाराची, ह्या बाईच्या गप्प बसण्याची. म्हणलं, येत्या रविवारी सर्जेरावदादांना सगळ्यांसमोर उभं करते. तर माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला अन् म्हणाल्या, "एकदा उभं केलंस तेवढं पुरे. त्याचं त्याला कळतंय. तू कपडे वाळव."

५ मे, शुक्रवार

कमिटी बसली. नियम तो नियम. बाप्तिस्मा नाही तर सभासद नाही, प्याला नाही. एकवीस तारखेला स्मरणिका आत्याबाईंच्या हातून निघायची होती, तेही अडलं. मी म्हणलं, मग एकवीसलाच बाप्तिस्मा द्या. तर म्हणे आधी वर्ग करावा लागतो. एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं सातवी-आठवीच्या पोरांबरोबर बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसायचं! एक जण म्हणाला, वय बघता डोक्यावर तांब्यानं थोडं शिंपडू, कोण बघतंय.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. पहिल्यांदा चिडलेल्या बघितल्या त्या. "शिंपडायचं व्हतं तर एका तांब्यात झालं असतं तवा. नऊ दिवस लेकरं तहानली कशाला ठेवली मग?"

वर्गाला बसणार म्हणाल्या.

७ मे, रविवार

प्रभुभोजन. मी आत्याबाईंच्या शेजारी बसले. भाकरीचं ताट आलं, तीच भाकर, पहाटे त्यांनीच भाजलेली. त्यांनी ताट घेतलं, माझ्याकडं दिलं. प्याल्याचा ट्रे आला, तोही पुढं दिला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या हातून थेंब सांडला नाही. माझ्याच हातून साडीवर सांडलं.

समोर सर्जेरावदादांनीपण काही घेतलं नाही. ट्रे तसाच पुढं सरकवला. पोट बिघडलं असंल. ह्या वयात लग्नाकार्यात जेवतात कशाला एवढं.

११ मे, गुरुवार

वर्गाला मीच पुंडलिकनगरातून रिक्षात घालून नेते, हे सोडतात. पोरं बाकावर, आत्याबाई खुर्चीवर. साहेबांनी विचारलं, "बाप्तिस्मा कशासाठी?" पोरांनी पाठ केलेलं घडाघडा म्हणलं. साहेब भीत भीत आत्याबाईंकडं वळले.

"मला ठाऊक असतं तर पन्नास वर्षं गप बसले असते का?"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. पास का नापास, कोण जाणे. पोरं मात्र सुटल्यावर त्यांच्याच भोवती. हंड्यांची गोष्ट सांगा म्हणून मागं लागली. जे मला महिनाभर सांगितलं नाही ते पोरांना दहा मिनिटांत सांगितलं!

१८ मे, गुरुवार

आता पाणी नाही.

आमच्याकडं आठ दिवसांनी नळ येतो हे लेकरालाही ठाऊक. ह्या वेळी पाइप फुटला म्हणे, बारा दिवस होतील. हौदाला टँकर सांगितला होता, टँकरवाल्यानं लग्नाच्या तिथीचं कारण सांगून हात वर केले. कमिटी म्हणते बाप्तिस्मा जूनमध्ये घेऊ, कार्यक्रम ठरल्याप्रमाणं होऊ द्या, पाहुणे येतायत.

पुढच्या टँकरला. हेच ऐकवलं होतं ना त्र्याहत्तरला? मी कमिटीत असं ओरडले की बाहेर चपला शोधणारा माणूस आत डोकावला. म्हणलं, टँकर गेला उडत. भगिनी मंडळात अडुसष्ट बाया हायती. घरटी दोन हंडे.

आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "नको गं. तहानलेल्याचं पाणी परत नको." म्हणलं, तुम्ही गप बसा, गप बसायचं तुम्हाला येतंच.

नंतर वाटलं, हे बोलायला नको होतं.

२० मे, शनिवार

सकाळी सहाला मंडळीचं दार उघडायला गेले. म्हणलं पहिली मीच. तर पायरीवर सर्जेरावदादा. धोतर खोचलेलं, खांद्यावर पितळी हंडा, सदरा भिजून छातीला चिकटलेला. घरापासून चालत आले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस!

म्हणलं, "दादा, कंबर मोडायचीय का? पोरांच्या हाती द्यायचा होता."

दादांनी फळी सरकवली, हंडा ओतला, परत गेले. दुसरा आणला. तिसरा आणला. नऊ खेपा केल्या. आठव्या खेपेला मी हात लावायला गेले तर एवढ्या जोरात "नको" म्हणाले की मी बाजूलाच झाले. नऊच का, ते काही मला लगेच सुचलं नाही. आत्ता लिहिताना बोटांवर मोजते आहे.

अकरापर्यंत बाया येत राहिल्या. हंडे, कळशा, तेलाचे डबे, पाण्याचे जार. आशाबाई लेकाच्या मोटरसायकलवर मागं बसून आल्या, मांडीवर स्टीलची बरणी. दुपारपर्यंत हौद छातीएवढा.

२१ मे, रविवार

सगळं लिहायचं म्हणते, झोप येतेय, तरी लिहिते.

पाहुणे, हार, भाषणं. दोन तास. मग मंचाच्या फळ्या काढल्या. वर्गातली दोन पोरं अन् आत्याबाई, तिघं पांढऱ्या कपड्यात. साहेबांनी आत्याबाईंना पहिलं बोलावलं, तसं मीच आधी पक्कं करून घेतलं होतं. तर ही बाई म्हणते काय, "लेकरं आधी जाऊ द्या."

माझं डोकंच फिरलं. मी पहिल्या रांगेतून बोलले, "परत तेच! परत शेवटी राहायचं!" हे माझा पदर ओढतायत, खाली बस म्हणून.

आत्याबाई माझ्याकडं बघून हसल्या, मग पहिल्या बाकाकडं वळल्या. अख्ख्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मुकादम, माझं होईस्तोवर पाणी काढू देऊ नका."

सर्जेरावदादा उठले. माईकवाल्याला बाजूला सारून मंचाच्या कडेनं खाली उतरले, जिथं हौदाचं पाणी सोडायचा बोळा हाय तिथं. दोन्ही हात त्या बोळ्यावर दाबून, गुडघे टेकून बसले. दोन पोरं उतरली, वर आली, टाळ्या झाल्या. ते हलले नाहीत. आत्याबाई पायरी पायरीनं उतरल्या. साहेबांनी विचारलं, विश्वास धरता का? म्हणाल्या, "कवाचा." अन् गेल्या पाण्याखाली. पांढरे केस वर तरंगले तेवढे दिसले. वर आल्या तेव्हा बायकांनी असा गलका केला की भाषणवाले पाहुणे दचकले.

सर्जेरावदादा तेव्हाही बोळा धरूनच. त्यांच्या नातीनं हात सोडवून उठवलं.

रजिस्टर त्यांनीच लिहिलं. सहाशे एकोणपन्नास. मंडळीतली पहिली बाई अन् नंबर सहाशे एकोणपन्नास! मी म्हणलं, वर पाचच्या खाली जागा हाय, तिथं लिहा की. आत्याबाई म्हणाल्या, जिथं हाय तिथं बरं हाय.

मग प्रभुभोजन झालं. प्याला सर्जेरावदादांनी आणला. पुढचं मला नीट दिसलं नाही. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं, पंख्याची धूळ असते तिथं.

घरी आल्यावर त्यांचे केस पुसून दिले, चहा दिला. उद्या कैऱ्यांचं लोणचं घालू म्हणाल्या. महिनाभर फडताळात पडून त्या पिकल्यात, हे सांगितलं तर म्हणाल्या, मग रस कर. चहा पिता पिता कुरकुर सुरू.

"पाणी लई गार व्हतं. तवाचं चांगलं ऊन ऊन व्हतं."

मी म्हणलं, "तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कुठं उतरला होता तवा?"

बशीत चहा ओतला, फुंकला.

"एक पाय घातला व्हता."

स्मरणिका छापून वाटून झाली. आता हे कुठं घालू?